सायलॅब ५.५ साठी लिहिलेला भरती-ओहोटीचा टूलबॉक्स नव्या आवृत्त्यांत चालता कसा ठेवावा?

प्रश्न : खाडीकाठ, रत्नागिरी

नमस्कार. आमच्या महाविद्यालयात सायलॅब या गणिती सॉफ्टवेअरसाठी लिहिलेला एक छोटा टूलबॉक्स (फंक्शन्सचा पूरक संच) वापरात आहे. धक्क्याच्या खांबावरील मोजपट्टीवरून दर तासाला घेतलेली पाण्याची पातळी तो वाचतो, तिच्यातून एम२, एस२, एन२, के२, के१ आणि ओ१ या भरतीच्या घटकांचे (चंद्र-सूर्यामुळे ठरावीक आवर्तनकाळाने होणाऱ्या चढ-उतारांचे) आयाम व फेज, म्हणजे उंची आणि आवर्तनातील स्थान, लघुतम वर्ग पद्धतीने काढतो आणि पुढील पंधरवड्याच्या भरती-ओहोटीच्या वेळा व उंची वर्तवतो. आपल्या किनाऱ्यावर दिवसातील दोन भरत्या सारख्या उंचीच्या नसतात, त्यामुळे दिवसातून साधारण एकदाच आवर्तन होणारे के१ आणि ओ१ हे घटक वगळून चालत नाही. उधाण (मोठी भरती) आणि भांग (लहान भरती) यांमधील फरक विद्यार्थ्यांना आकड्यांत दाखवण्यासाठी हा टूलबॉक्स फार उपयोगी पडतो. ज्या प्राध्यापकांनी तो लिहिला ते निवृत्त झाले आहेत आणि मूळ लेखन ५.५.२ या आवृत्तीसाठी झालेले आहे.

यंदा प्रयोगशाळेत नवे संगणक आले आणि त्यांवर सायलॅब २०२४.० बसवण्यात आले. तेथे तीन अडचणी उभ्या राहिल्या. पहिली म्हणजे टूलबॉक्स सायलॅबमध्ये चढवणारी फाइल, म्हणजे लोडरच, चालू होत नाही. त्यात आवृत्तीचा पहिला आकडा ५ नसेल तर थांबावे अशी अट आहे. ती अट काढून टाकल्यावर दुसरी अडचण दिसली, ती अशी की मुख्य गणित करणारा सी भाषेतील भाग कंपाइल होत नाही आणि ‘स्टॅक-सी.एच’ ही हेडर फाइल सापडत नाही असा संदेश येतो. टूलबॉक्समध्ये सीऐवजी वापरता येईल असा, सायलॅबच्याच भाषेत लिहिलेला एक पर्यायी मॅक्रो सुदैवाने होता, तो लावल्यावर उत्तरे येऊ लागली. परंतु तिसरी अडचण त्यातूनच निघाली. एका महिन्याच्या त्याच नोंदी दिल्या असता एम२ आणि के१ यांचे आयाम जुन्या उत्तरांशी मिलिमीटरच्या घरात जुळतात, एस२ आणि के२ यांत मात्र सेंटिमीटरांचा फरक पडतो. नव्या आवृत्तीत मॅट्रिक्स सोडवण्याची पद्धत बदलली असावी, असे आमच्या एका सहकाऱ्यांचे मत आहे.

दुसऱ्या प्रयोगशाळेतील जुन्या संगणकांवर अजून ५.५.२ च आहे आणि ते लवकर बदलले जातील असे वाटत नाही. म्हणून मला हे विचारायचे आहे की एकच टूलबॉक्स दोन्हीकडे चालेल अशी रचना करणे शहाणपणाचे आहे की नव्यासाठी वेगळा लिहावा. सीचा भाग दुरुस्त करावा की टाकून द्यावा. आणि आता जवळजवळ दरवर्षी नवी आवृत्ती येत असताना प्रत्येक वेळी हीच कसरत करावी लागू नये म्हणून कोणती काळजी घ्यावी? या कामासाठी वेगळा मनुष्यबळाचा पुरवठा नाही, जे काही करायचे ते तासिका सांभाळून आम्हा दोघा-तिघांनाच करायचे आहे, हे लक्षात घेऊन सल्ला द्यावा ही विनंती.

उत्तर : सिंधुदुर्गी, मालवण

नमस्कार. आपल्या तिन्ही अडचणींचे मूळ एकच आहे असे समजून त्यांच्यामागे लागू नये, कारण पहिल्या दोन सायलॅबच्या बदलांमुळे आल्या आहेत आणि तिसरी बहुधा तशी नाही. मी पहिल्या दोन अडचणींविषयी लिहितो.

सायलॅब ६.० ही आवृत्ती २०१७ साली आली तेव्हा भाषेचा इंटरप्रिटर (आज्ञा वाचून चालवणारा भाग) मुळापासून नव्याने लिहिण्यात आला होता. ५ च्या मालिकेत सर्व चले एका ठरावीक आकाराच्या स्टॅकवर (मेमरीतील राखीव जागेत) राहत असत, त्यामुळे मोठी मॅट्रिक्स घ्यायची असली की आधी ‘स्टॅकसाइझ’ हे फंक्शन वापरून जागा वाढवावी लागे. ६ मध्ये तो स्टॅकच गेला, त्याबरोबर ‘स्टॅकसाइझ’ गेले आणि त्या स्टॅकशी थेट बोलणारी ‘स्टॅक-सी.एच’ ही हेडर फाइलही गेली. म्हणजे आपल्याकडे एखादी फाइल हरवलेली नाही. ज्या पायावर तो सीचा भाग उभा होता तो पायाच काढून घेतला गेला आहे. आता त्याच्या जागी सी आणि सायलॅब यांना जोडणारा ‘एपीआय-सायलॅब’ हा नवा इंटरफेस वापरावा लागतो. सायलॅबमधून सीचा भाग बोलावणाऱ्या गेटवे फंक्शनला मिळणारे दुसरे आर्ग्युमेंटही बदलले आहे : पूर्वी तेथे नावाची लांबी दर्शवणारा पूर्णांक येत असे, आता तेथे सायलॅबच्या संदर्भाचा पॉइंटर येतो आणि इनपुट तपासणे, उत्तर नेमून देणे, परत पाठवणे ही सर्व कामे त्या पॉइंटरमार्फत होतात. हे बदल कठीण नाहीत, फक्त कंटाळवाणे आहेत. पण ते केल्यावरही प्रत्येक नव्या आवृत्तीसाठी, तसेच विंडोज आणि लिनक्स यांच्यासाठी वेगवेगळे, कंपाइल करणे सुटत नाही आणि विंडोजच्या प्रत्येक संगणकावर योग्य कंपायलर असेलच असे नाही.

म्हणून माझा स्पष्ट सल्ला आहे की सीचा भाग टाकून द्यावा. तो ज्या काळात लिहिला गेला त्या काळात कारण होते, कारण मॅक्रोमधील लूप फार हळू चालत आणि स्टॅकची मर्यादा डोक्यावर असे. आपले गणित मात्र लहान आहे. महिन्याभराच्या ताशी नोंदी म्हणजे सुमारे ७२० ओळी. सहा घटकांचे प्रत्येकी एक कोसाइन आणि एक साइन असे बारा स्तंभ, वर सरासरी पातळीचा एक. ७२० ओळी आणि १३ स्तंभांची मॅट्रिक्स कोणत्याही साध्या संगणकावर सायलॅब डोळ्याचे पाते लवायच्या आत सोडवते. वेळांचा उभा स्तंभ आणि घटकांच्या कोनीय वेगांची आडवी ओळ यांचा गुणाकार करून त्याचे एकदम कोसाइन आणि साइन घेतले, तर लूपही लागत नाही आणि पुढचे काम उलट्या तिरक्या रेषेच्या एका चिन्हाने होते. ही शैली ५.५.२ मध्येही चालते आणि २०२४ मध्येही चालते. ज्या गोष्टी इतकी वर्षे बदलल्या नाहीत त्यांच्यावरच टूलबॉक्स उभा करावा.

आता लोडरविषयी. ‘गेटव्हर्जन’ हे फंक्शन आकड्यांची ओळ देते आणि तिच्यातील पहिला आकडा आपल्या लोडरने तपासला होता. ६.१ नंतर सायलॅबने आवृत्तीला वर्षाचे आकडे लावायला सुरुवात केली, म्हणजे ६ नंतर थेट २०२३ आले. ज्यांनी ‘५ असेल तर जुने, ६ असेल तर नवे, नाहीतर चूक’ असे लिहिले होते त्यांचे टूलबॉक्स त्या वर्षी काही कारण नसताना बंद पडले. दुसरी गंमत अशी की काही ठिकाणी बॅच फाइली फोल्डरांची नावे अक्षरक्रमाने लावून शेवटचे फोल्डर ‘सर्वांत नवे’ समजून उचलतात. अक्षरक्रमात २ हा ५ च्या आधी येतो, त्यामुळे नवे सायलॅब बसवल्यावरही जुनेच उघडत राहते. आपल्या प्रयोगशाळेत कोणी अशी सोय केली असेल तर तीही पाहून घ्यावी. आवृत्ती विचारायचीच असेल तर ‘इतक्याहून कमी नको’ एवढीच अट ठेवावी, आणि शक्य असेल तेथे आवृत्तीऐवजी हवे ते फंक्शन उपलब्ध आहे की नाही हेच विचारावे.

एक सापळा मात्र लक्षात ठेवावा. नवी वाक्यरचना ‘जर नवी आवृत्ती असेल तर’ अशा अटीच्या आत लिहून जुन्या आवृत्तीला चकवता येत नाही, कारण जुनी आवृत्ती अट तपासण्याआधी संपूर्ण फाइल वाचते आणि न कळणारी रचना दिसताच अडखळते. उदाहरणार्थ, तिरकी रेघ आणि तारका वापरून लिहिलेला अनेक ओळींचा शेरा ६.० पासून चालतो, ५.५.२ त्यावर थांबते. दोन्हीकडे चालवायचे असेल तर शेरे प्रत्येक ओळीवर दोन तिरक्या रेघा देऊनच लिहावेत. ज्या दोन-चार ठिकाणी खरोखरच दोन आवृत्त्यांत वेगळे लिहावे लागेल ती सर्व ठिकाणे एका छोट्या फोल्डरात वेगवेगळ्या फाइलींत ठेवावीत आणि कोणती फाइल घ्यायची ते लोडरने ठरवावे. बाकीच्या टूलबॉक्सला आवृत्ती या गोष्टीची खबरही असू नये.

आणि तयार ‘.बिन’ फाइली पेन ड्राइव्हवरून एका संगणकावरून दुसऱ्यावर नेऊ नयेत. मॅक्रोंचे ते संकलित रूप असते आणि ५ च्या मालिकेत बनलेले रूप ६ व त्यापुढील आवृत्त्या वाचत नाहीत. मूळ ‘.एससीआय’ फाइली न्याव्यात आणि त्यांवरून टूलबॉक्स बांधणारी ‘बिल्डर.एससीई’ त्या त्या संगणकावर चालवावी.

उत्तर : हर्णै बंदर, दापोली

वरील बहुतेक मुद्द्यांशी मी सहमत आहे, परंतु सीचा भाग ‘टाकून द्यावा’ यावर थोडी दुरुस्ती सुचवतो. तो नव्या टूलबॉक्समधून काढावा, पण ५.५.२ असलेल्या एका संगणकावर जसाच्या तसा, चालत्या स्थितीत ठेवावा. जुने उत्तर काय येत होते हे विचारायला तोच एक साक्षीदार उरला आहे. सायलॅबच्या वेगवेगळ्या आवृत्त्या आपापल्या फोल्डरात बसतात आणि एकाच संगणकावर शेजारी शेजारी नांदू शकतात, त्यामुळे त्यासाठी संगणक अडकवून ठेवण्याचीही गरज नाही. जुन्या प्रयोगवह्यांतील दोन-तीन महिन्यांच्या नोंदी त्यावर चालवून आलेली उत्तरे साध्या सीएसव्ही फाइलीत लिहून ठेवावीत. सायलॅबच्या स्वतःच्या बायनरी फाइलीत ती साठवू नयेत, कारण त्या फाइलींचा साचाही मधल्या काळात बदललेला आहे.

उत्तर : लाटांचे गणित, अलिबाग

मला तिसऱ्या अडचणीविषयी लिहायचे आहे, कारण ‘नव्या आवृत्तीत मॅट्रिक्स सोडवण्याची पद्धत बदलली’ हे स्पष्टीकरण आकड्यांशी जुळत नाही.

दोन आवृत्त्यांच्या किंवा दोन संगणकांच्या गणितात शेवटच्या अंकांचा फरक पडतो, हे खरे आहे. मॅट्रिक्सचे काम सायलॅब स्वतः करत नाही, ते खालच्या ब्लास आणि लॅपॅक या लायब्रऱ्यांवर सोपवते. त्या विंडोजवर एका प्रकारच्या तर लिनक्सवर दुसऱ्या प्रकारच्या असू शकतात आणि बेरजांचा क्रम बदलला की पंधराव्या-सोळाव्या अंकात फरक येतो. आता तो फरक किती फुगू शकतो ते पाहू. एस२ चा आवर्तनकाळ बरोबर १२ तास आणि के२ चा ११.९६७ तास आहे. या दोघांत एका पूर्ण आवर्तनाचे अंतर पडायला सुमारे १८२.६ दिवस लागतात, म्हणजे महिन्याभराच्या नोंदींत त्यांचे स्तंभ जवळजवळ एकसारखे दिसतात आणि एकाचा वाटा दुसऱ्याच्या पदरात सहज पडतो. तरीही ही जवळीक इतकी भयंकर नाही की सोळाव्या अंकातील फरक सेंटिमीटर व्हावा. माझ्या हिशोबाने ३० दिवसांच्या ताशी नोंदींसाठी या जोडीतील चूक सातपटीच्या आसपास वाढते. सोळाव्या अंकाला सातने काय, सातशेने गुणले तरी उत्तर मिलिमीटरच्या जवळपासही पोहोचत नाही.

याचा अर्थ असा की गणितात शिरणाऱ्या नोंदीच दोन्हीकडे वेगळ्या आहेत. काही मिलिमीटरांचा फरक आत आला असेल तर एम२ मध्ये तो तेवढाच राहील आणि एस२-के२ च्या जोडीत सातपट होऊन सेंटिमीटरांत दिसेल. आपण दिलेले वर्णन नेमके असेच आहे. म्हणून माझी विनंती अशी की आपण दोन गोष्टी एकदम बदलल्या आहेत, आवृत्तीही आणि सीऐवजी मॅक्रोही, त्या सुट्या कराव्यात. तोच पर्यायी मॅक्रो ५.५.२ वर चालवून पाहावा. तेथेही नवेच उत्तर आले तर सायलॅबची आवृत्ती निर्दोष आहे आणि फरक सी आणि मॅक्रो यांच्यात आहे.

माझा संशय नोंद नसलेल्या तासांवर आहे. धक्क्यावर रात्री-अपरात्री प्रत्येक तासाला माणूस उभा राहत नाही, पावसाळ्यात तर नाहीच, त्यामुळे वहीत काही तास कोरे असणारच. त्या कोऱ्या जागांचे काय होते? काही प्रोग्राम ती ओळ गाळतात, काही ९९.९९ असा खुणेचा आकडा ओळखून ती वगळतात; काही शेजारच्या दोन नोंदींवरून सरळ रेषेत मधली नोंद भरतात. सरळ रेषेने भरलेली नोंद भरतीच्या माथ्याशी आली तर माथा कापला जातो आणि ओहोटीच्या तळाशी आली तर तळ उचलला जातो. शिवाय गळालेल्या नोंदी बहुधा घड्याळाच्या ठरावीक तासांच्याच असतात आणि एस२ चे आवर्तन तर घड्याळालाच बांधलेले आहे, त्यामुळे त्याला ही गळती इतरांपेक्षा अधिक बाधते. सीएसव्ही फाइल वाचणारे ‘सीएसव्हीरीड’ हे फंक्शन कोरी जागा ‘नॅन’ (आकडा नाही) म्हणून देते; ती तशीच मॅट्रिक्समध्ये गेली तर सगळे उत्तर नॅन येते, म्हणून कोणीतरी वाटेत ती भरत असणार. ते कोण आणि कसे, हे मॅक्रोत पाहावे. माझ्या मते भरूच नये, ती ओळ गाळावी. लघुतम वर्ग पद्धतीला नोंदी सलग असण्याची गरज नसते आणि याच कारणासाठी ती पद्धत येथे निवडलेली असते.

एवढे झाल्यावरही महिन्याच्या नोंदींतून के२ स्वतंत्रपणे काढण्याचा हट्ट धरू नये. एक तर तो यादीतून वगळावा, नाहीतर के२ चा आयाम एस२ च्या ०.२७२ पट मानून दोघांचा मिळून एकच स्तंभ करावा. हे गुणोत्तर समतोल भरतीच्या सिद्धांतातून येते आणि जवळच्या बंदराच्या दीर्घ नोंदींवरून काढलेले गुणोत्तर मिळाले तर ते याहून चांगले. एम२ आणि एस२ वेगळे करायला १४.७७ दिवस लागतात, तेव्हा एका आठवड्याच्या प्रकल्पात तर उधाण-भांगाचाही हिशोब नीट लागत नाही. टूलबॉक्सने नोंदींचा कालावधी पाहून विद्यार्थ्याला तसे सांगितले पाहिजे. हा मुद्दा आवृत्तीचा नाही हे खरे, पण जो टूलबॉक्स नाजूक उत्तरे छापतो त्याच्यावर प्रत्येक नव्या आवृत्तीत ‘बिघडला’ असा आळ येत राहतो.

चाचण्यांविषयी दोन शब्द. खऱ्या नोंदींपेक्षा बनावट नोंदींवर चाचणी करणे अधिक उपयोगी असते : आयाम आणि फेज आपणच ठरवायचे, त्यांवरून सहा महिन्यांहून अधिक काळाची पातळी तयार करायची आणि टूलबॉक्सने तेच आकडे परत दिले पाहिजेत. तुलना ‘असर्ट_चेकऑलमोस्टइक्वल’ ने, सहनशीलता देऊन करावी. अंकाला अंक जुळण्याची अपेक्षा ठेवली तर प्रत्येक नव्या संगणकावर चाचणी नापास होईल. फेजची तुलना थेट अंशांत करू नये, कारण एका आवृत्तीत ३५९.९९९९ आणि दुसऱ्या आवृत्तीत ०.०००१ आले तर दोन्ही बरोबर असूनही चाचणी ओरडते. त्याऐवजी कोसाइन आणि साइन यांचे गुणक ताडून पाहावेत. वेळ कोणत्या क्षणापासून मोजायची तेही चाचणीत पक्के करावे. भारतीय प्रमाणवेळ आणि ग्रिनिच यांतील साडेपाच तास चुकून मध्ये आले तर एम२ ची फेज १५९ अंशांनी सरकते आणि तो फरक पाहून भल्याभल्यांनी आधी सॉफ्टवेअरलाच दोष दिला आहे.

खाडीकाठ, रत्नागिरी

सर्वांचे मनापासून आभार. पर्यायी मॅक्रो ५.५.२ वर चालवून पाहिला आणि तेथेही ‘नवी’ उत्तरेच आली, तेव्हा आवृत्तीचा प्रश्न तेथेच मिटला. सीच्या फाइलीत खुणेच्या आकड्याच्या ओळी वगळल्या जात होत्या. मॅक्रोत त्या सरळ रेषेने भरल्या जात होत्या. मॅक्रोतील ती ओळ काढून कोरे तास गाळले, तशी एस२ आणि के२ यांची जुनी उत्तरे मिलिमीटरच्या आत मिळाली. तरीही अलिबागच्या सल्ल्याप्रमाणे महिन्याच्या नोंदींसाठी के२ आता एस२ ला जोडला आहे, त्यामुळे ‘जुन्याशी जुळते का’ याऐवजी ‘बनावट नोंदींशी जुळते का’ हीच कसोटी ठेवली. जुना सीचा भाग हर्णैकरांच्या सूचनेनुसार एका संगणकावर जतन केला आहे.

आता दोन प्रश्न उरले आहेत. लोड करताना आमच्या एका फंक्शनविषयी ‘हे फंक्शन पुन्हा व्याख्यित होत आहे’ अशी ताकीद २०२४ मध्ये येते, ५.५.२ मध्ये येत नाही. त्या फंक्शनचे नाव ‘ड्युरेशन’ आहे आणि ते नोंदींचा कालावधी काढते. दुसरे म्हणजे टूलबॉक्सची माहिती देणाऱ्या ‘डिस्क्रिप्शन’ फाइलीत कोणत्या आवृत्त्यांचा उल्लेख करावा? पुढच्या आवृत्तीत काय होईल ते आज माहीत नसताना वरची मर्यादा घालणे बरे की न घालणे?

उत्तर : नस्त आणि नोंद, वेंगुर्ले

ताकीद खरी आहे आणि ती दाबून टाकू नये. अलीकडच्या आवृत्त्यांत तारीख आणि कालावधी यांच्यासाठी सायलॅबने स्वतःचे प्रकार आणले आहेत आणि ‘ड्युरेशन’ हे त्यांतलेच एक नाव आहे. आपले फंक्शन लोड झाले की सायलॅबचे मूळ फंक्शन झाकले जाते आणि त्यावर विसंबून असलेला दुसरा कोणताही कोड भलतीच उत्तरे देऊ शकतो. अशा वेळी अनेकजण ‘फंकप्रोट’ ला शून्य देऊन ताकीद बंद करतात, ते टाळावे. टूलबॉक्समधील प्रत्येक फंक्शनच्या नावाआधी एक ठरावीक छोटा उपसर्ग लावावा, म्हणजे आजची टक्कर मिटेल आणि पुढील आवृत्त्यांत सायलॅबने आणखी कोणती नावे घेतली तरी आपली सुरक्षित राहतील. विद्यार्थ्यांच्या जुन्या प्रकल्पांत जुनी नावे वापरलेली असतील तर त्यांच्यासाठी जुन्या नावांची फंक्शन्स वेगळ्या फोल्डरात ठेवावीत, ती फक्त नव्या नावाकडे काम सोपवतील आणि ‘नाव बदलले आहे’ एवढे छापतील. ‘ड्युरेशन’ मात्र त्या फोल्डरातही ठेवू नये; ज्या प्रकल्पांत ते नाव आहे तेथे हातानेच बदलावे.

सायलॅब स्वतःही हेच करते. एखादे फंक्शन काढून टाकण्याआधी ते कालबाह्य झाले आहे, त्याऐवजी अमुक वापरावे आणि अमुक आवृत्तीत ते कायमचे जाईल, अशी ताकीद आधीच्या आवृत्त्यांत छापली जाते. प्रयोगशाळेत ही ताकीद पडद्यावर वर सरकून जाते आणि कोणी वाचत नाही. म्हणून चाचण्या खिडकीविना, कमांड लाइनवरून चालवाव्यात आणि जे काही छापले जाईल ते सर्व एका मजकूर फाइलीत घ्यावे. त्या फाइलीत ‘ऑब्सोलीट’ हा शब्द शोधला की पुढच्या वर्षी काय मोडणार आहे त्याची यादी आजच हातात येते. जोडीला नव्या आवृत्तीसोबत येणाऱ्या बदलांच्या नोंदीतील फक्त दोन भाग वाचावेत : कालबाह्य झालेली फंक्शन्स आणि काढून टाकलेली फंक्शन्स. उरलेले सावकाश वाचले तरी चालते.

आवृत्तीच्या मर्यादेविषयी मतभेद आहेत आणि माझे मत खालची मर्यादा घालावी, वरची घालू नये असे आहे. वरची मर्यादा घातली की टूलबॉक्स चालण्यासारखा असूनही नव्या सायलॅबमध्ये बसत नाही, आणि ती मर्यादा वाढवणारी व्यक्ती बदली होऊन गेली असेल तर तो कायमचा अडतो. आपल्या मूळ लोडरचे नेमके हेच झाले. त्याऐवजी ज्या आवृत्त्यांवर चाचण्या पास झाल्या त्यांची यादी टूलबॉक्सच्या वाचा-मला फाइलीत तारखेसह लिहावी, आणि यादीबाहेरच्या आवृत्तीत टूलबॉक्स उघडला तर लोडरने ‘या आवृत्तीवर चाचणी झालेली नाही’ एवढे सांगून पुढे जावे.

नवी आवृत्ती प्रयोगशाळेत सत्राच्या मध्यावर बसवू नये. गणपतीच्या सुट्टीत आपल्याकडे महाविद्यालये ओस असतात, पण तेव्हा संगणकाशेजारी बसायलाही कोणी तयार नसते. उन्हाळ्याची सुट्टी या कामाला बरी. ॲटम्समधून, म्हणजे सायलॅबच्या टूलबॉक्सच्या ऑनलाइन भांडारातून, थेट उतरवून घेण्यावर विसंबून राहू नये, कारण पावसाळ्यात इंटरनेटचा भरवसा नसतो आणि पन्नास विद्यार्थी समोर बसलेले असतात. ‘ॲटम्सइन्स्टॉल’ ला झिप फाइलीचा स्थानिक पत्ता दिला तरी ते टूलबॉक्स बसवते, तेव्हा तपासलेली झिप फाइल प्रयोगशाळेच्या सर्व्हरवर ठेवावी आणि तिच्या नावात टूलबॉक्सची आवृत्ती लिहावी, सायलॅबची नव्हे.

एक सूचना राहिली. मुंबईच्या आयआयटीतील फॉसी प्रकल्पाने सायलॅबचे टूलबॉक्स तयार केले आहेत आणि त्यांचा मूळ कोड खुला आहे. फोल्डरांची मांडणी, बिल्डर आणि लोडर कसे लिहिले आहेत, नव्या एपीआयने गेटवे कसा लिहितात, हे पाहायला ते चांगले नमुने आहेत; आपल्याला सीची गरज उरली नसली तरी मांडणी तेथून उचलण्यासारखी आहे.

सिंधुदुर्गी, मालवण

वेंगुर्लेकरांच्या यादीत एक भर घालतो. जुन्या संगणकांवर ५.५.२ असेपर्यंत चाचण्या दोन्ही आवृत्त्यांवर चालवाव्यात, पण ते संगणक निकाली निघाले की त्या आवृत्तीसाठी केलेली वेगळी फाइल त्याच दिवशी काढून टाकावी आणि ‘डिस्क्रिप्शन’ मधली खालची मर्यादा वाढवावी. ज्या आवृत्तीवर आपण चाचणी करू शकत नाही तिच्यासाठी लिहिलेला कोड चालतो की नाही हे कोणालाच सांगता येत नाही, आणि नव्या माणसाला तो वाचत मात्र बसावे लागते.